पानशेतच्या बॅकवॉटरला बोट घेऊन जाताय? आधी काठावरचा सॉकेट बघा

डिसेंबरअखेरीस पुण्याजवळच्या पानशेत धरणाच्या बॅकवॉटरच्या काठी राहून आलो. फोटो टाकल्यापासून बरेच जण विचारतायत की इलेक्ट्रिक मोटरची छोटी बोट तिकडे चालते का, बॅटरी कुठे चार्ज करता, थंडी किती असते, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. रस्त्याचं आणि पक्ष्यांचं थोडक्यात सांगेन, मुख्य लिहायचंय ते काठावरून बोटीला लाईट घेतो त्या प्लग-सॉकेटबद्दल. मी भोसरीत इलेक्ट्रिकल पॅनलच्या टेस्टिंगचं काम करते त्यामुळे माझी नजर आधी तिकडेच जाते, पण हे समजायला इंजिनिअर असायची गरज नाहीये, फक्त बघायची सवय पाहिजे.

जायचं असेल तर शनिवारी पहाटे निघा. सिंहगड रोड, खडकवासला, डोणजे, खानापूर करत पुण्यातून साधारण ४० किलोमीटर आहे, रस्ता ठीक आहे पण ८ नंतर निघालात की खडकवासल्याच्या चौपाटीला अडकलातच. पानशेतनंतर मोबाईलची रेंज येते-जाते, त्यामुळे वायरमनचा नंबर, प्लॉटवाल्याचा म्हणजे जिथे राहणार त्या जागेच्या मालकाचा नंबर आधीच लिहून ठेवा. आणि बोट पाण्यात उतरवायची तर पाटबंधारे खात्याची परवानगी आहे का हे प्लॉटवाल्याला स्पष्ट विचारा, हे पुण्याचं पिण्याचं पाणी आहे, इथे कोणी पेट्रोलचं इंजिन धुवत बसलेलं किंवा बॅटरीचं ॲसिड सांडलेलं मला तरी चालणार नाही. म्हणूनच इलेक्ट्रिक मोटर बरी, आवाज नाही, तेल नाही, आणि सकाळी धुक्यात चक्रवाकांच्या बऱ्यापैकी जवळ जाता येतं.

बोट नवऱ्याच्या मित्राची, चार जणांची फायबरची, १२ व्होल्टची मोटर, १०० एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची साठवण) दोन बॅटऱ्या आळीपाळीने वापरायच्या. सीटखाली चार्जर फिट केलेला आहे आणि बाहेरच्या बाजूला निळा इंडस्ट्रियल इनलेट आहे, म्हणजे काठावरून केबल आणायची, इनलेटला लावायची आणि रात्रभर चार्जिंगला सोडून द्यायची अशी सोय.

आता जेट्टीवर काय होतं ते सांगते. प्लास्टिकच्या ड्रमांवर फळ्या टाकलेली तरंगती जेट्टी, तिच्या तोंडाशी लाकडी खांब, खांबावर पत्र्याच्या डब्यात घरात असतो तसला १६ अँपिअरचा थ्री-पिन सॉकेट, आणि पाणी जाऊ नये म्हणून त्याच्यावर कॅरीबॅग गुंडाळून टेप मारलेली. मी आधी मेन बंद करायला लावलं आणि मग ती पिशवी सोडवली. आतून दव साचून थेंब धरले होते. पिशवीने पाऊस अडतो पण रात्रीचा दमटपणा आतच कोंडला जातो, थंडीत तर पहाटे हमखास. सॉकेटचं फेजचं भोक तपकिरी पडलेलं, कडेचं प्लास्टिक फुगलेलं, नाक जवळ नेलं की जळकट वास. आणि कव्हर खोललं तर अर्थच्या टर्मिनलला वायरच नाही, हिरवी वायर मागे कापून टेप लावून ठेवलेली.

राखणदार मामा म्हणाले, "ताई, इतकी वर्षं ह्याच्यावरच चालतंय की, काय न्हाय होत." खोटं बोलत नव्हते ते, चार्जर खरंच चालत होता. पण त्याच लाईनवर सकाळी पाहुण्यांच्या अंघोळीसाठी बादलीत रॉड लागतो. हिवाळ्यातली गोम तिथेच आहे. १० अँपिअरचा बॅटरी चार्जर हा २३० व्होल्टच्या बाजूने जेमतेम एक अँपिअर घेतो, त्याने सॉकेट तापायचं काहीच कारण नाही. १५०० वॉटचा रॉड मात्र साडेसहा अँपिअर खेचतो, वर कोणी रूम हीटर किंवा इंडक्शन लावलं की १०-१२ च्या पुढे. पिनेची पकड सैल झाली असेल, समजा पाव ओहम रेझिस्टन्स आला, तर १० अँपिअरला त्या एका ठिकाणी २५ वॉट उष्णता तयार होते, म्हणजे तापलेली सोल्डरिंग गन सॉकेटच्या आत खोचून ठेवल्यासारखं. त्याने स्प्रिंग अजून ढिली पडते, काळा थर धरतो, रेझिस्टन्स अजून वाढतो आणि हे असंच वाढत जातं. एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, पडत नाही कारण करंट जास्त झालेलाच नसतो! हे लोकांना पटतच नाही, एमसीबी आहे ना मग काय, असं म्हणतात.

मीटर लावला तर फेज-न्यूट्रल २१२ व्होल्ट, मामांनी रॉड लावल्यावर १९० च्या घरात. फेज आणि अर्थमध्ये खरं तर जवळपास तेवढाच आकडा यायला पाहिजे, तिथे काहीतरी सत्तर-ऐंशी व्होल्ट हलत होते. डिजिटल मीटर असा लोंबकळता आकडा दाखवतो आणि बघणाऱ्याला वाटतं काहीतरी अर्थिंग आहे, म्हणून टेस्ट लॅम्प लावायचा. फेज आणि अर्थमध्ये १५ वॉटचा साधा बल्ब, अर्थिंग नसेल तर तो पेटत नाही. आणि अर्थिंग असून वर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट बाहेर गळला की लाईन तोडणारा स्विच) असेल तर बल्ब लागताक्षणी आरसीसीबी पडला पाहिजे, कारण तो बल्ब ६५ मिलीअँपिअर घेतो. म्हणजे एकाच बल्बात दोन्ही गोष्टी कळतात. हे काम स्वतः करायचं नसेल तर गावातल्या वायरमनला बोलवा पण करून घ्याच. आमच्या जेट्टीवर बल्ब पेटला नाही, तिथेच ठरलं की ह्या सॉकेटला बोट लावायची नाही.

आता अर्थिंगवर मी इतकी का अडून बसते ते सांगते, कारण तलावात हे घरापेक्षा फार वेगळं आहे. चार्जरमध्ये किंवा केबलमध्ये कुठे लिकेज झालं आणि अर्थची वायर तुटलेली असली की तो करंट बोटीच्या मोटरच्या धातूमधून पाण्यात उतरतो आणि काठाकडे परत जायचा रस्ता शोधतो. समुद्राचं खारं पाणी करंट चांगला वाहून नेतं, त्यामुळे तो माणसाला बऱ्यापैकी वळसा घालून जातो. गोड्या पाण्याचं उलटं आहे, त्याच्यापेक्षा आपलं शरीर करंट जास्त चांगला नेतं, म्हणून जेट्टीजवळ पोहणाऱ्याच्या अंगातूनच तो जातो. १०-१५ मिलीअँपिअरला स्नायू आखडतात, हातपाय हलत नाहीत आणि चांगला पोहणारा माणूस आवाज न करता बुडतो. नंतर बघणाऱ्याला वाटतं दम लागला असेल. पानशेत, मुळशी, पवना सगळीकडे पाणी गोडं, आणि सगळीकडे पोरं जेट्टीवरूनच उड्या मारतात. त्यामुळे चार्जिंग चालू असताना जेट्टीजवळ पाण्यात कोणीही उतरायचं नाही, पाय सोडून बसायचं पण नाही. आणि पाण्यात कोणाला मुंग्या आल्यासारखं वाटलं किंवा कोणी अचानक ताठ झालेलं दिसलं तर त्याच्यामागे उडी मारू नका, आधी मेन पाडा, मग दोर किंवा ट्यूब फेका. हे मुलांना पण सांगून ठेवा.

अर्थिंग आणि आरसीसीबी दोन्ही का पाहिजेत, तर अर्थ असेल तर लिकेज झाल्या झाल्या करंट अर्थमधून जातो आणि आरसीसीबी लगेच पडतो. अर्थ नसेल तर तो पडायची वाट बघतो, आणि मधला रस्ता बनतो माणूस. आरसीसीबीवरचं टी लिहिलेलं बटण दाबून बघायचंच, पण त्याने फक्त आतली यंत्रणा चालते एवढंच कळतं, अर्थिंग आहे की नाही ते नाही कळत.

मग आम्ही दोन्ही बॅटऱ्या उचलून घराच्या पडवीत आणल्या, एकेक २५-३० किलोची, दोघांनी धरायची, कंबर सांभाळून. पडवीतल्या सॉकेटला बल्ब लावला तर आरसीसीबी फटकन पडला, त्यामुळे तिथे निर्धास्त सुटा चार्जर लावला. प्लॉटवाल्यांना फोन करून सगळं सांगितलं, त्यांनी जेट्टीची लाईन त्याच दिवशी मेनपासून सोडवून ठेवली आणि नवीन काय बसवायचं ते लिहून मागितलं, हे मला फार आवडलं. मी लिहून दिलेलं इथेही देते. थ्री-पिनच्या जागी निळा इंडस्ट्रियल सॉकेट, आयईसी ६०३०९ ह्या आंतरराष्ट्रीय मानकाचा, १६ अँपिअर, तीन पिनचा. निळा म्हणजे २३० व्होल्टच्या गटातला. ह्यात अर्थची पिन बाकीच्यांपेक्षा जाड असते आणि घड्याळात ६ वाजतात त्या जागी असते, त्यामुळे उलटा बसतच नाही. आयपी म्हणजे धूळ-पाणी किती अडतं त्याचा आकडा, आयपी ४४ वर झाकण असतं, शिंतोडे चालतात, पण जेट्टीसाठी आयपी ६७ घ्या, त्याला फिरवून आवळायची रिंग असते. बुधवार पेठेत तापकीर गल्लीत विचारलं की दाखवतात. घेताना पिना हाताने ओढून बघा, स्क्रूचं टर्मिनल पितळी आणि दणकट असावं. वायरच्या टोकाला लग (धातूची टोपी) क्रिंप करा म्हणजे दाबून बसवा, नुसत्या तारा पिळून स्क्रूखाली कोंबू नका.

केबल तीन कोअर, अडीच एमएम, रबरची. पीव्हीसी उन्हात कडक होऊन तडकते. पूर्ण उलगडून वापरा, गुंडाळलेल्या वेटोळ्यातून मोठा लोड चालवला की आतली वेटोळी तापतात. काठापासून बोटीपर्यंत केबल पाण्यात लोंबता कामा नये, आणि इनलेटच्या आधी तिला खाली झोळ द्या म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी गळून जातं, कनेक्टरमध्ये शिरत नाही. लावताना सॉकेटचं बटण बंद, आधी बोटीच्या बाजूला लावा, मग काठाच्या, मग बटण. काढताना बटण बंद, आधी काठाचं, मग बोटीचं, म्हणजे जिवंत टोक हातात घेऊन डुलत्या फळीवरून चालायची वेळच येत नाही. लावल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी बटण बंद करून प्लगला हात लावून बघा, कोमटही लागायला नको. आणि दोन्ही टोकांना प्लग टॉप असलेली वायर, जी लोक जनरेटर घरात जोडायला बनवतात, ती दिसली तर कापून टाका. एक टोक लावलं की दुसऱ्याच्या उघड्या पिनांमध्ये पूर्ण २३० व्होल्ट असतात. बोटीवर ती नकोच.

आता थंडीतल्या चार्जिंगचं. परदेशातले व्हिडिओ बघून बॅटरी गोठेल का म्हणून घाबरू नका, पुण्याचं आजवरचं सगळ्यात कमी तापमान १.७ अंश, ते पण जानेवारी १९३५ मधलं. लिथियमवाल्यांना शून्याच्या खाली चार्ज करायचं नाही एवढा नियम, तो आपल्याला लागूच होत नाही. आपला प्रश्न वेगळा आहे. पहाटे १० अंशाला लेड ॲसिड बॅटरी तिच्या नेहमीच्या ताकदीपेक्षा १०-१५ टक्के कमी देते, आणि चार्ज व्हायला तिला जास्त व्होल्टेज लागतं. २५ अंशाला १४.४ व्होल्ट पुरतात, १० अंशाला साधारण १४.७ पाहिजेत. साधा फिक्स चार्जर १४.४ वरच थांबतो, हिरवा दिवा लावतो आणि बॅटरी थोडी उपाशीच राहते. असं हिवाळाभर चाललं की प्लेटवर सल्फेट घट्ट बसतं आणि उन्हाळ्यात बॅटरी गेली म्हणून दुकानदाराशी भांडण. म्हणून टेंपरेचर सेन्सरवाला चार्जर घ्या, सेन्सर बॅटरीच्या अंगाला चिकटवा, आणि एप्रिल-मे मध्ये तोच चार्जर व्होल्टेज कमी करून पाणी उकळू देत नाही हा दुसरा फायदा. तो नसेल तर बॅटरी संध्याकाळी परत आल्या आल्या लावा, तेव्हा ती वापरून जरा कोमट असते. सकाळी गार झालेली लावण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

करंट एएचच्या दहाव्या हिश्श्याचा ठेवा, १०० ला १०. अर्धी रिकामी असली तरी पूर्ण भरायला रात्र जातेच, शेवटचा टप्पा सावकाशच होतो, तो कापू नका. चार्जर काढून दोन-तीन तासांनी मोजा, १२.६ ते १२.७ आलं तर भरली. १२.२ म्हणजे निम्मी, आणि आम्ही पाण्यात असताना त्याच्याखाली जाऊच देत नाही, वारा सुटला तर परत यायला ताकद उरली पाहिजे. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावर घाला, आधी भरून ठेवलंत तर वर येऊन सांडतं. फक्त प्लेटा उघड्या पडल्या असतील तर आधी बुडेपर्यंत घालायचं. चार्जिंगला झाकण, सीट, डिकी सगळं उघडं, कारण हायड्रोजन निघतो आणि हवेत ४ टक्के झाला की ठिणगी पुरते. शेकोटी पडवीपासून लांब करा, सिगारेटवाल्यांनाही लांब पाठवा.

सोबत न्यायचं म्हणजे मल्टीमीटर, होल्डरला वायर लावलेला बल्ब, आरसीसीबी लावलेला एक्स्टेन्शन बोर्ड, रबरी चप्पल, जाड स्वेटर आणि कानटोपी. पाण्यावर सकाळी ७ ला बोटं वाकत नाहीत इतका गारठा असतो, आणि लाईफ जॅकेट स्वेटरच्या वरून बसतं का ते घरी घालून बघा.

परत येताना रविवारी ३ च्या आत पानशेत सोडा, नाहीतर डोणज्यापासूनच रांग लागते. बॅटऱ्या गाडीत उभ्या ठेवा, टर्मिनलवर रबरी टोपी किंवा टेप, काच दोन बोटं खाली. घरी आल्यावर पुन्हा पूर्ण चार्ज करूनच बाजूला ठेवा आणि बोट मार्चपर्यंत निघणार नसेल तर महिन्यातून एकदा लावत जा.