तुम्ही विचारलंत म्हणून: जुने संगीतपट हॉलमध्ये का दाखवता?

डिसेंबरचं पत्रक दारावर लागलं की हा प्रश्न येतोच. परवा वाण्याकडे शेजारच्या काकांनीही विचारला. "अगं, हे सिनेमे मोबाइलवर फुकट दिसतात. मग हॉलचं भाडं कशाला भरता?"

पुण्यातल्या एका पेठेत, नव्वद खुर्च्यांच्या हॉलमध्ये आम्ही आठ-दहा जण मिळून रविवारी सिनेमाचे खेळ लावतो. यंदाचा डिसेंबर संगीतपटांचा आहे. काकांना दुकानात दोन वाक्यांत सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

पहिल्या रविवारी 'अयोध्येचा राजा'. प्रभात फिल्म कंपनीनं कोल्हापुरात काढलेला, १९३२ सालचा पहिला मराठी बोलपट. तेव्हा पार्श्वगायन नव्हतं. आपल्याकडे ते १९३५मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनं आणलं. म्हणजे गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे कॅमेऱ्यासमोर जे गायले, तेच आणि तेवढंच आपण ऐकतो. साजिंदे चौकटीबाहेर, त्या काळी कधी झाडाझुडपांच्या आडसुद्धा बसत. गाणाऱ्यानं मान वळवली की आवाजही वळतो. मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरवर हे सगळं खरखरीत बुडतं. आमच्या हॉलमध्ये स्पीकर पडद्याच्या मागे आहे आणि पडद्याला सुईच्या टोकाएवढी भोकं आहेत, त्यामुळे गाणं थेट गाणाऱ्याच्या तोंडून आल्यासारखं वाटतं.

गेल्या वर्षी हाच सिनेमा लावला तेव्हा मी तिसऱ्या रांगेत होते. शेजारच्या आजी मांडीवर बोटांनी ताल धरून बसल्या होत्या. तान संपली, आणि पुढची ओळ उचलण्याआधीचा श्वास स्पष्ट ऐकू आला. आजींची बोटं तेवढ्यापुरती थांबली आणि पुन्हा चालू लागली. नव्वद वर्षांपूर्वी घेतलेला श्वास! मी हॉलचं भाडं भरते ते यासाठी, काका.

दुसऱ्या रविवारी मुद्दाम परदेशी चित्रपट घेतला आहे, १९५२चा 'सिंगिन इन द रेन'. मूकपटांचं हॉलिवूड बोलू लागतं तेव्हा उडालेल्या धांदलीचीच ती गोष्ट. त्यात माइक झुडपात लपवतात, नायिकेला काही केल्या त्यात बोलता येत नाही, आणि शेवटी तिला दुसरीचा आवाज उसना द्यावा लागतो. आदल्या आठवड्यात टेंबे-खोटे ऐकून आलेल्या माणसाला हे बघताना वेगळंच काही दिसेल अशी माझी खात्री आहे. नाच तर मोठ्या पडद्यावरच बघावा, पायापासून डोक्यापर्यंत अख्खा माणूस दिसतो.

(चौकटीचंही सांगते. हे सिनेमे जवळपास चौकोनी चौकटीत काढलेले आहेत. टीव्हीचा रुंद पडदा भरायला कुणी ते ताणतं, कुणी वरखाली कापतं, आणि माणसं बुटकी तरी दिसतात किंवा त्यांची कपाळं तरी जातात. आम्ही दोन्ही बाजूंना काळा पडदा ओढून मूळची चौकट ठेवतो.)

तिसरा रविवार 'कुंकू'चा. १९३७ साल, शांता आपटे, केशवराव भोळ्यांचं संगीत. माझा सगळ्यात जीव या खेळात आहे. यात पार्श्वसंगीत नाहीच. फसवून म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेल्या नीरेचं दुःख सांगायला व्हायोलिन वाजत नाही. ऐकू येतात ते प्रसंगातले, घरातले आवाज, आणि मधेमधे नुसती शांतता. घरी या शांततेत कुकरची शिट्टी होते, फोन वाजतो, आणि आपल्याला वाटतं सिनेमा संथ आहे. नव्वद माणसं एकत्र गप्प बसली की तीच शांतता अंगावर येते. भोळ्यांनी काय धाडस केलं होतं ते तेव्हा कळतं.

तिन्ही खेळ संध्याकाळी साडेपाचला. 'कुंकू'च्या दिवशी आम्ही हॉलमधले पंखे बंद ठेवतो, त्यांची घरघर नको म्हणून. काका, तुम्ही या, आणि काकूंनाही आणा. तिसऱ्या रांगेत दोन खुर्च्या धरून ठेवते.