किती चोन? कोरियातील नात्यांचा हिशेब

आपल्याकडे लग्नघरात अनोळखी चेहरा दिसला, की "आपण मुलीकडचे की मुलाकडचे?" येथून सुरुवात होते आणि आईच्या आतेभावाची मुलगी, आजीच्या मावसबहिणीचा नातू अशी नात्याची वाट उलगडत जाते. दक्षिण कोरियात राहताना मला याच प्रसंगी वेगळा प्रश्न ऐकू येतो: किती चोन?

चोन हे नात्यातील अंतराचे माप आहे. आईवडील आणि मूल यांच्यातील पायरी म्हणजे एक चोन. ज्या दोघांचे नाते काढायचे, त्यांच्यातील एकापासून दोघांच्या समान पूर्वजापर्यंत वर चढायचे, तेथून दुसऱ्यापर्यंत खाली उतरायचे आणि पायऱ्या मोजायच्या. त्यामुळे भावंडे दोन चोनांवर, काका आणि मावशी तीन, चुलतभाऊ चार, वडिलांचे चुलतभाऊ पाच आणि त्यांची मुले सहा चोनांवर येतात. नवरा-बायकोंमध्ये एकही पायरी धरत नाहीत. मात्र दूर झाले तर ते पूर्ण परके, असेही येथील वडीलधारी माणसे लगेच सांगतात. हे आकडे रोजच्या बोलण्यात इतके मुरले आहेत, की काकांना 'साम्चोन', म्हणजे तीन चोन, अशीच हाक मारली जाते, आणि सायवर्ल्ड या येथील जुन्या समाजमाध्यमावर जोडलेल्या मित्राला 'एक चोन' म्हणत.

मला ही पद्धत मनापासून आवडते, पण केवळ आकड्याने नाते पुरते कळत नाही. आईच्या आतेभावाची मुलगी सहा चोनांवर आहे आणि आजीची मावसबहीणही सहाच चोनांवर; एक आपल्या पिढीची, दुसरी आजीच्या. बाजू आणि पिढी सांगण्यासाठी कोरियनांनाही शब्दच लागतात, आणि येथे ते आपल्या अगदी जवळचे वाटतात. चार चोनांवरच्या भावंडांत ते चुलत, आते, मामे आणि मावस असे चार प्रकार वेगळे ओळखतात: चिन, कोजोंग, ओए आणि इजोंग. चार हा आकडा कायम, वाट मात्र आपल्यासारखीच चौघांची वेगळी.

कोरियात नातलग आठ चोनांपर्यंत मोजतात. हिशेब तिथपर्यंत का जातो, याचे उत्तर पितरांच्या पूजेत सापडते. परंपरेने घरात वडिलांपासून खापरपणजोबांपर्यंत चार पिढ्यांचे विधी होत, आणि एकाच खापरपणजोबांच्या वंशातील समान पिढीचे लोक एकमेकांपासून जास्तीत जास्त आठ चोनांवर असतात. आपल्या श्राद्धात पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीन पिढ्यांना पिंड देतात. त्याच न्यायाने आपले वर्तुळ सहा चोनांपर्यंत गेले असते.

कायदाही याच मापाने चालतो. कोरियाच्या नागरी संहितेत आठ चोनांपर्यंतचे रक्ताचे नातलग हे नातेवाईक मानले जातात आणि त्यांच्यात विवाहाला मनाई आहे. 2022च्या ऑक्टोबरमध्ये घटनात्मक न्यायालयाने ही मनाई कायम ठेवली. असा विवाह सरसकट अवैध ठरवणारे कलम मात्र घटनेशी विसंगत ठरवले. महाराष्ट्रात अनेक घरांमध्ये मामाच्या मुलीशी लग्न ही रूढच रीत होती, हे येथे सांगितले की ऐकणारे क्षणभर थांबून बोटांवर चार मोजतात आणि मग माझ्याकडे पाहतात.

पूर्वीची मनाई याहून फार मोठी होती. एकच आडनाव आणि एकच मूळगाव असलेल्यांना, कितीही दूरचे नाते असले तरी, लग्न करता येत नसे. एकट्या गिमहे किम कुळात 40 लाखांहून अधिक लोक आहेत. त्यातील प्रेमात पडलेल्या जोडप्यांची कोंडी किती झाली असेल! आपल्याकडील सगोत्र विवाहाची कायदेशीर आडकाठी 1946 साली दूर झाली. कोरियात 1997 साली न्यायालयाने ही बंदी घटनेशी विसंगत ठरवली आणि 2005 साली संहिता बदलून त्याजागी आठ चोनांची मर्यादा आली.