विकायला काढलेली कोंबडी

दिवाळी झाल्यावर आठवडाभराने रत्नागिरी जिल्ह्यातील एका वाडीवरून आमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन आला. बचत गटातल्या एका मावशींनी पाळलेल्या अकरा गिरिराज कोंबड्यांची अंडी कमी होत होत जवळजवळ बंद झाली होती, खुराड्यात रोज पिसांचा खच पडत होता, आणि वाडीत रोगाची कुजबुज सुरू झाल्यामुळे त्यांनी कोंबड्या विकून टाकायचे ठरवले होते. मी पोहोचले तेव्हा व्यापारी वजनकाटा घेऊन अंगणात बसलेला होता.

पिसे झडत असतील तर आधी रोगाची आणि उवांची शंका फेडून घ्यावी लागते. मानमोडी म्हणजे राणीखेत रोगातली हिरवट हगवण, वाकडी मान किंवा धाप यांपैकी काहीही दिसत नव्हते. गुदद्वाराजवळच्या पिसांच्या मुळाशी उवांच्या अंड्यांचे पुंजके नव्हते, की एकमेकींना टोचल्याच्या जखमा नव्हत्या. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडी जागेवरून उठत नाही. या मात्र परड्यात हिंडून दाणे टिपत होत्या. म्हणजे हा रोग नव्हता, जुनी पिसे टाकून नवी आणण्याची दरवर्षीची पिसगळ होती.

मावशींनी सर्वांत आधी विकायला काढलेली कोंबडी मी हातात घेतली. मान उघडी, शेपटी गळालेली, तुरा आक्रसून फिका पडलेला, असे तिचे रूप खरोखरच केविलवाणे होते. तिचा पंख उलगडून उजेडात धरला, तेव्हा टोकाकडच्या दहा मोठ्या पिसांपैकी आतल्या बाजूची चार एकदमच गळून त्यांच्या जागी सारख्याच उंचीच्या निळसर नळ्या फुटलेल्या दिसल्या. त्यांच्या मुळाशी रक्त खेळत होते आणि बोट लागताच ती अंग चोरत होती. मावशींना ठेवायची होती ती कोंबडी तुकतुकीत होती; पण तिच्या पंखात दोन पिसे पूर्ण वाढलेली, तिसरे पाऊण, चौथे अर्धे अशी उतरंड लागली होती. ही पिसे आतून बाहेर ठरलेल्या क्रमाने झडतात आणि एक पीस पुरते वाढायला साधारण सहा आठवडे लागतात, त्यामुळे कोंबडीने अंडी देणे केव्हा थांबवले याचा बराचसा अंदाज पंखावरून बांधता येतो. तुकतुकीत कोंबडी गणपतीच्या सुमारासच थांबली होती, तर विस्कटलेली दसऱ्यापर्यंत अंडी घालत होती. चांगली अंडी देणारी कोंबडी उशिरा आणि भराभर पिसे टाकते, म्हणूनच ती सर्वांत वाईट दिसते.

“दाणा तर रोज तेवढाच खातात, मग अंडी जातात कुठे, डॉक्टरबाई?” मावशींनी विचारले. प्रश्न अगदी नेमका होता. पिसांत जवळजवळ नऊ दशांश भाग प्रथिनांचा असतो. एका अंड्यातही सुमारे ६ ग्रॅम प्रथिने जातात, आणि भात-कणीवर जगणाऱ्या कोंबडीला ही दोन्ही कामे एकाच वेळी पेलत नाहीत. मात्र पिसे अंड्यांचा वाटा पळवतात, एवढेच सांगणे मला अपुरे वाटते. आपल्याकडे जूनमध्ये १३ तासांहून थोडा मोठा असलेला दिवस डिसेंबरपर्यंत ११ तासांवर येतो. हा उजेड कोंबडीच्या मेंदूला डोळ्यांतूनच नव्हे, तर कवटीच्या पातळ हाडांतूनही जाणवतो. तो घटू लागला की अंडाशयाला चालना देणारी संप्रेरके कमी होतात आणि अंडाशय व अंडनलिका आक्रसतात. अंडी थांबतात ती या हुकमामुळे, आणि मग खाल्लेले अन्न पिसांकडे वळते.

खुराड्यात दिवा लावून १४ ते १६ तास उजेड देण्याचा मार्ग मी त्यांना सांगितला. पण ऐन पिसे झडताना तो वापरू नये असेच माझे मत होते, कारण या विश्रांतीतच अंडनलिका पुन्हा सुधारते. त्याऐवजी कणीत सुकटीचा चुरा आणि शेंगदाण्याची पेंड मिसळायला सांगितली, आणि कोवळी पिसे दुखतात म्हणून कोंबड्या विनाकारण उचलू नका, असे बजावले. अंडी देत नाहीत म्हणून दाणा तोडणारी माणसे मी पाहिली आहेत. त्या वेळी पाखराला सर्वांत जास्त गरज असते.

व्यापाऱ्याला त्या दिवशी दोनच कोंबड्या मिळाल्या. मी एकेक पंख दाखवत गेले आणि सर्वांत आधी थांबलेल्या दोघी मावशींनी स्वतः निवडल्या. तुकतुकीत कोंबडी त्यांतलीच एक. जानेवारीत विस्कटलेल्या कोंबडीचे पहिले अंडे आले आणि महिनाभरात बाकीच्याही सुरू झाल्या. अंडी पहिल्या वर्षापेक्षा कमी येतात, पण ती आकाराने मोठी आहेत आणि पावसाळ्याअखेर पातळ झालेले कवच आता पुन्हा टणक झाले आहे.