बलून घेण्याआधी पहाटेचा वारा मोजा

माझा धंदा किनाऱ्यावरचा, पॅरासेलिंगचा. त्यामुळे वारा म्हटला की मला दुपारचाच आठवतो. अकराच्या सुमारास समुद्रावरून खारा वारा सुटतो, तीन-चारला भरात येतो आणि सूर्य कलला की ओसरतो. आता मेहुणा आणि मी मिळून दक्षिण गोव्यातल्या केपे भागात हॉट एअर बलून सुरू करायच्या विचारात आहोत, आणि तिथे या वाऱ्याचा काडीचा उपयोग नाही. बलूनला लागतो पहाटेचा मंद, एका चालीने वाहणारा वारा. तो आपल्याकडे जमिनीवरून समुद्राकडे जातो. शाळेत ज्याला मतलई वारा म्हणून शिकलो, तोच हा.

आमच्या वाड्यावरचे एक म्हातारे रांपणकार, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे मच्छीमार, आहेत. त्यांना विचारलं तर म्हणाले, "बाब, सकाळचो वारो भायर व्हरता, दनपारचो घरा हाडटा." म्हणजे सकाळचा वारा बाहेर नेतो, दुपारचा घरी आणतो. होडीला दुपारपर्यंत थांबता येतं. बलूनमधला गॅस साधारण तास-दीड तासाचा, त्याला परतीच्या वाऱ्याची वाट बघणं परवडत नाही.

आता नकाशा घ्या. केप्याजवळच्या चांदरपासून कोलव्याचा किनारा सरळ रेषेत चौदा किलोमीटरच्या आसपास. वारा ताशी दहा किलोमीटरचा, म्हणजे अगदी नरम म्हणावा असा असला, तरी तासाभरात बलून मडगावच्या डोक्यावर. खाली घरं, विजेच्या तारा, रेल्वेमार्ग, आणि पुढे समुद्र. गोवा पर्यटन विकास महामंडळाच्या बलून सफरी चांदर-आसोल्डा भागातून व्हायच्या, त्या किनाऱ्यावरून नव्हे. कळंगुटला बलून उडवा म्हणून सुचवणारे मला बरेच भेटतात. त्यांना मी हे अंतर दाखवतो.

मोबाइलवरच्या अ‍ॅपने यातलं काहीच ठरत नाही. ते मोठ्या चौकोनाचा अंदाज देतं. आपल्या मळ्याला कुठला डोंगर आडवा आहे, कुठली नदी बाजूने वाहते, हे त्याच्या हिशेबात पुरतं उतरत नाही. पणजीच्या हवामान केंद्रातून पहाटे साडेपाचला वरच्या हवेत यंत्र बांधलेला फुगा सोडतात, त्याचे आकडे मात्र मी रोज बघतो. वरचा वारा कुठून येतोय ते त्यावरून कळतं. खालचा वारा आपणच मोजायचा, ज्या मळ्यातून उडायचं त्याच मळ्यात उभं राहून.

आम्ही दहा मीटरच्या खांबावर वातमापक लावला आहे. हवामान खात्याची प्रमाण उंची तीच. पण खरं शिकवलं ते हेलियमच्या साध्या फुग्याने. ठरलेलं वजन जेमतेम उचलेल इतकाच फुगा भरायचा, म्हणजे तो दर वेळी सारख्याच वेगाने चढतो. खाली छोटा दिवा बांधायचा आणि अंधारातच सोडायचा. दर मिनिटाला होकायंत्रावर दिशा आणि कोनमापकावर कोन बघून वहीत टिपायचा. आमचा फुगा मिनिटाला शंभर मीटर चढतो. तीन मिनिटांनी तो तीनशे मीटरवर असणार. तेव्हा कोन 31 अंश भरला, तर फुगा आपल्यापासून आडवा पाचशे मीटर गेला. तीन मिनिटांत पाचशे मीटर, म्हणजे सरासरी ताशी दहा किलोमीटर. ही वही माझ्या लेखी बलूनपेक्षा मोलाची आहे.

डिसेंबरातली एक सकाळ सांगतो. मळ्यात उदबत्ती लावली होती, तिचा धूर सरळ वर जात होता. खांबावरचं चक्र जेमतेम फिरत होतं. पण मळ्याच्या कडेच्या माडांची शेंड्याची झावळं हलत होती. म्हणजे माडांच्या आडोशाने आपल्याला निवांत वाटतंय, वारा वर आहेच. फुगा सोडला. आधी तो कुशावतीच्या धुक्याबरोबर उत्तरेकडे सरकला, आणि दोनेकशे मीटरवर गेल्यावर सरळ पश्चिमेला वळला. रात्री थंड झालेली हवा नदीच्या खोऱ्यातून उताराने वाहते, तिच्यावरून मतलई वारा जातो, असे हे दोन थर. बलूनला सुकाणू नसतं, फक्त उंची बदलता येते. वैमानिकाने खालच्या थरात राहायचं ठरवलं तर बलून नदीच्या अंगाने उत्तरेला राहतो, किनाऱ्याकडे जात नाही. पण सूर्य वर आला की हा खालचा थर मोडतो, म्हणून त्याच्या भरवशावर फार वेळ काढायचा नाही.

जमिनीलगत 8 ते 10 नॉट, म्हणजे ताशी 15 ते 18 किलोमीटर, ही सर्वसाधारण मर्यादा धरतात. प्रवासी घेऊन मी त्याच्या बराच खाली थांबेन. भरताना कापड शिडासारखं ओढतं आणि उतरताना टोपली फरफटते. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, तेव्हा उजाडताच सुटून साडेआठच्या आत खाली यायचं, कारण नंतर जमीन तापून हवा उसळू लागते. संध्याकाळची फेरी गोव्यात धरूच नये. खारा वारा पडेपर्यंत अंधारून येतं. म्हणजे दिवसाला एकच फेरी, तीही नोव्हेंबर ते मार्चच. कर्जाचा हप्ता यावर बसतो का, हे आधी बघावं. बँकेला द्यायच्या कागदात आम्ही उडण्याजोग्या सकाळी वहीतूनच मोजून घातल्या आहेत.

परवानग्यांचं थोडक्यात. डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, परवाने लागतातच. शिवाय दाबोळी नौदलाचा विमानतळ आणि 2023 पासून मोपाही सुरू, त्यामुळे किती उंच जायचं ते आपण एकटे ठरवू शकत नाही.

आता राहिली उतरायची जागा. भातकापणी झाली की शेतं मोकळी दिसतात, पण साळावली धरणाच्या कालव्याचं पाणी मिळतं तिथे लगेच वायंगण, म्हणजे दुसऱ्या हंगामाचं भात, लावतात. लावलेल्या वायंगणात टोपली उतरवायची नाही, हे आम्ही दोघांनी पक्कं केलं आहे. खाडीकाठच्या खाजन शेतातही नाही, तिथला चिखल माणसाला गुडघ्यापर्यंत ओढतो. वाऱ्याच्या नकाशावर आता आम्ही पडीक मोरडी, म्हणजे उंचवट्यावरची, शेतं हिरव्या रंगाने भरतोय, आणि राष्ट्रीय महामार्ग 66 च्या अलीकडे एक लाल रेघ मारली आहे. तिच्या पलीकडे बलून न्यायचा नाही. त्या रेघेच्या पूर्वेकडच्या शेतमालकांना भेटायला मेहुणा या रविवारपासून निघतोय.