देवांच्या दरीत तात्यांचा तळ

फिनिक्सहून निघताना गाडीत सगळ्यात आधी पाणी चढवलं. दोन मोठे कॅन मिळून पन्नास लिटर. माणशी दिवसाला चार लिटर, चार माणसं, दोन रात्री आणि वर थोडं हाताशी. माझे वडील, तात्या, अंगणात उभे राहून मोजत होते. माण तालुक्यात हयात गेलेल्या माणसाला पाण्याचा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. “तिथं येक थेंब न्हाय म्हनतुस, मग आनखी येक कॅन घी की,” एवढंच म्हणाले, आणि मी घेतला.

दिवाळी नुकतीच झाली होती. डब्यात चिवडा-शंकरपाळे उरले होते, बायकोने वर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली. तात्या पहिल्यांदाच अमेरिकेत आलेले. येताना बॅगेत त्यांनी म्हसवडहून घोंगडी आणली होती, काळी, जेनाची. इथल्या उन्हात ती काय कामाची, म्हणून मी तेव्हा कपाटात ठेवून दिली होती. आता तीही गाडीत आली.

आम्ही निघालो होतो युटाच्या आग्नेय कोपऱ्यात, ‘व्हॅली ऑफ द गॉड्स’ नावाच्या लाल माळावर. फ्लॅगस्टाफ, ट्यूबा सिटी, कायेंटा करत साधारण साडेपाचशे किलोमीटर. तिथे राहायला पैसे पडत नाहीत, आरक्षण नाही, पहारेकरी नाही. नळ, संडास, कचऱ्याचा डबा हेही नाही. नॅशनल पार्कांतल्या तंबूच्या जागांसाठी लोक सहा-सहा महिने आधी संगणकासमोर टपून बसतात. मीही बसलोय. पण या देशात अशी जमीन अफाट आहे, जिथे कुणाला न विचारता तंबू ठोकता येतो, हे कळल्यापासून माझा तो नाद सुटला.

कायेंटाच्या अलीकडे-पलीकडे सगळा नव्हाहो लोकांचा मुलूख. तो सार्वजनिक नाही. तिथे त्यांचं स्वतःचं सरकार आहे, आणि परवानगीशिवाय मुक्काम करायचा नाही. नकाशावर दोन्ही जमिनी सारख्याच ओसाड दिसतात, म्हणून हे आधी पाहून घ्यावं. रस्त्याकडेला एका छपरीत एक आजी हातमागावर विणलेले गालिचे विकत बसल्या होत्या आणि मागे उतारावर त्यांची मेंढरं चरत होती. तात्यांनी मला गाडी थांबवायलाच लावली. गालिच्याची कड दोन बोटांत धरून बघितली, मग गाडीतून घोंगडी आणून आजींच्या हातात दिली. आजींनीही तशीच, दोन बोटांत धरून बघितली. मी मध्ये दुभाष्या म्हणून उभा होतो, पण माझी गरज पडली नाही.

पुढे गाडीत मी त्यांना सांगितलं की १९३० च्या दशकात, चराईने माती वाहून जाते या कारणाने, सरकारने या लोकांची मेंढरं जबरदस्तीने कमी केली. कितीतरी जागच्या जागी मारून टाकली. तात्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. आमची मेंढरं बहात्तरच्या दुष्काळात गेली. तोवर आमचं घर दर साली दसरा-दिवाळीनंतर घोड्यावर बिऱ्हाड लादून कोकणाच्या वाटेला लागायचं. त्यानंतर तात्या दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले.

मेक्सिकन हॅट हे गाव म्हणजे सान ह्वान नदीकाठची मूठभर घरं. तिथे पेट्रोल भरून घेतलं, घरी फोन करून कुठे असू आणि कधी परतू ते सांगितलं, कारण पुढे फोनला रेंज नाही. गावापासून थोडं पुढे डाव्या हाताला कच्चा रस्ता फुटतो. सतरा मैलांचा हा रस्ता लाल सुळक्यांमधून वळसे घेत दुसऱ्या टोकाला निघतो. कोरडा असेल तर साधी गाडीही जाते. पण खालची माती शेलची, म्हणजे चिखल दाबून झालेल्या ठिसूळ खडकाची. पाऊस पडला की तिचा साबण होतो आणि आत असेल ती गाडी आतच राहते. म्हणून आम्ही तीन दिवसांचा हवामानाचा अंदाज बघूनच निघालो होतो.

सुळके काय सांगू! पायाशी तांबड्या मातीचे पायऱ्यापायऱ्यांचे उतार आणि त्यांच्या डोक्यावर सरळसोट वालुकाश्म, २५ कोटींहून जास्त वर्षांपूर्वीचा. इथल्या लोकांनी त्यांना नावं दिलीत: सात खलाशी, खुडूक बसलेली कोंबडी, टबात बसलेली बाई. माझी लेक मागच्या सीटवर एकेक ओळखत होती आणि तात्या त्यांना स्वतःची नावं देत होते. एकाला त्यांनी शिखर शिंगणापूरच करून टाकलं.

“कुनाची रं ही जिमीन?” गाडीतून उतरल्या उतरल्या त्यांनी विचारलं.

सरकारची, म्हणालो. म्हणजे सगळ्यांची. पण तात्यांचं तेवढ्यावर भागलं नाही, आणि मलाही ते नीट सांगावंसं वाटलं. आधी हा युट, नव्हाहो, होपी, झुनी अशा लोकांचा मुलूख. १८४८ मध्ये मेक्सिकोशी झालेल्या तहाने तो अमेरिकेकडे आला. १८६२ च्या कायद्याने सरकार कसणाऱ्याला १६० एकर जमीन जवळजवळ फुकट देत होतं. पण इथे १६० एकरांत एक कुटुंब काय पिकवणार? पाऊसच नाही. म्हणून ही जमीन कुणी घेतली नाही आणि ती सरकारकडेच पडून राहिली. १९३४ साली चराईचे परवाने सुरू झाले, १९४६ मध्ये ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट हे खातं झालं, आणि १९७६ च्या कायद्याने ही जमीन यापुढे सर्वसाधारणपणे सरकारकडेच राखायची असं ठरलं. आज त्या एका खात्याकडे साडेचोवीस कोटी एकर आहे. आपल्या अख्ख्या महाराष्ट्राच्या तिप्पट.

“म्हंजी गायरान,” तात्या म्हणाले.

इतकी वर्षं मी मित्रांना या जमिनीबद्दल सांगतोय, पण हा शब्द मला सुचला नव्हता. जवळच सुकलेलं शेण पडलं होतं, त्याकडे बोट दाखवून त्यांनी परवान्याचा दर विचारला. एका गाईला वासरासकट महिन्याला दीड डॉलरच्या आसपास, आणि त्या हिशेबात पाच मेंढरं म्हणजे एक गाय. पाचाला एक हा भाव त्यांना रास्त वाटला.

जागा मी हेरून ठेवली होती. ओढ्याच्या कोरड्या पात्रात मऊ, सपाट वाळू, वाऱ्याला आडोसा. मी तंबूची पिशवी तिथे नेऊन टाकली.

“उचल ती.”

“तात्या, आभाळात ढगाचा ठिपका नाही.”

“हितं न्हाय. वर कुटं पडला तर? वढ्यात तळ टाकत न्हाईत.”

त्यांना इंग्रजी फलक वाचता येत नाहीत, पण इथला प्रत्येक फलक हेच सांगतो. वीस मैलांवर कोसळलेला पाऊस या कातळात मुरत नाही, तो अशाच पात्रातून लोंढा होऊन येतो आणि खाली आभाळ निळंच असतं. मला हे ठाऊक होतं. मऊ वाळू बघून विसरलो.

मग वरच्या अंगाला गेलो. तिथे एका सुळक्याच्या पायथ्याशी झकास उंचवटा दिसत होता, पण मधली माती काळसर, खडबडीत, जळक्या पापुद्र्यासारखी होती. तिच्यावर पाय द्यायचा नाही. शेवाळं, दगडफूल आणि निळे-हिरवे जिवाणू मिळून ती माती जिवंत ठेवतात. त्यांचे सुतासारखे तंतू वाळूचे कण धरून ठेवतात, त्यामुळे वाऱ्याने माती उडत नाही आणि बी रुजतं. एका बुटाचा ठसा भरून यायला कित्येक वर्षं, कधी कित्येक दशकं जातात. लेकीने तात्यांना भिंगातून तो पापुद्रा दाखवला. तात्यांनी तिच्याकडून सगळं ऐकून घेतलं आणि त्यानंतर दोन्ही दिवस ते गाडीच्या चाकोरीतून किंवा उघड्या कातळावरूनच चालले. माझ्यापेक्षा काटेकोरपणे.

नियमही तोच आहे. आधी कुणीतरी वापरून टणक झालेल्या जागीच उतरायचं, नवी जागा मोडायची नाही. तशी एक जागा रस्त्यालगतच्या छोट्या फाट्याच्या टोकाला मिळाली. मेखा कातळात जाईनात, तेव्हा तात्यांनी तंबूचे ताण दगडांना बांधले. मेंढरं कोंडायची जाळी, म्हणजे वाघर, ताणायची तीच गाठ, ओढली की घट्ट, झटका दिला की सुटते. मला ती अजून जमत नाही.

संध्याकाळी त्यांचा एकच हिरमोड झाला. या दरीत शेकोटीला बंदी आहे. लाकूडच नाही इथे, जे खुरटं झुडूप आहे ते वाढायला माणसाचं आयुष्य लागतं, आणि राखेचे काळे डाग वर्षानुवर्षं राहतात. मी गॅसच्या शेगडीवर भात टाकला, मेतकूट-तूप काढलं. तात्यांना ते पटत होतं तरी रुचत नव्हतं. तळावर जाळ नाही म्हणजे तळ पुरा नाही, असं त्यांचं म्हणणं. भाकरी भाजून झाली की त्याच जाळावर माणसं बोलत बसायची. आम्ही शेगडीभोवतीच बसलो. ती विझल्यावर त्यांनी घोंगडीची खोळ करून डोक्यावरून घेतली. पारा शून्याकडे चालला होता, आणि आमच्या महागड्या जाकिटांपेक्षा ती घोंगडी सरस ठरली.

चंद्राची कोर लवकर मावळली आणि आभाळ खाली आलं. जवळचंच नॅचरल ब्रिजेस हे राष्ट्रीय स्मारक २००७ साली जगातलं पहिलं आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे आभाळाचा काळोख जपणारं उद्यान, ठरलं. दरीतही तोच काळोख आहे. आकाशगंगा नैऋत्येपासून थेट डोक्यावरून ईशान्येला गेलेली, इतकी दाट की लेक तिला ढग समजली. तात्या मान वर करून काहीतरी शोधत होते.

“धुरू लई वर गेलाय.”

बरोबर होतं. म्हसवडला ध्रुव क्षितिजापासून अठराएक अंश वर, इथे सदतीस. दुपटीहून जास्त उंच. मेंढरांमागे फिरताना रात्रीची दिशा आणि वेळ त्यांनी आभाळावरूनच ओळखली होती, त्यामुळे पन्नास वर्षांनी, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, त्यांना ते पहिल्या नजरेत कळलं. मग त्यांनी नातीला उत्तरेला क्षितिजाशी टेकलेलं म्हातारीचं बाजलं आणि त्यामागचे तीन चोर दाखवले. शाळेत ती त्यांना सप्तर्षीही म्हणत नाही, मोठा डोया म्हणते. कृत्तिका वर आल्या तोवर ती आजोबांच्या खोळीत झोपून गेली होती. मी मध्यरात्री लघवीला उठलो तेव्हा तात्या जागेच, दगडाला टेकून. पूर्वेला मृगाचं तिकांडं उगवलं होतं. “अजून राखण करताय होय?” मी विचारलं. “सवय,” म्हणाले.

सकाळच्या विधीबद्दल या विषयावर लिहिणारे बहुतेक लोक घाईने पुढे सरकतात. ते नको. ओल्या जंगलात सहा-आठ इंच खड्डा खणून पुरलं तरी चालतं. वाळवंटात ते कुजवणारे जीव मातीत फारसे नाहीत, ओल नाही, त्यामुळे सगळं तसंच राहतं. म्हणून आम्ही पावडर भरलेल्या जाड पिशव्या वापरतो आणि परत नेतो. तात्यांनी पहिल्या दिवशी साफ नकार दिला, टमरेल घेऊन लांब निघाले. मी त्यांच्यामागे गेलो आणि सांगितलं की वर्षाला कितीतरी हजार माणसं इथे येतात, प्रत्येकाने लांब जायचं म्हटलं तर लांब उरत नाही. ते थोडा वेळ उभे राहिले, मग हात पुढे केला. पिशव्यांचा डबा गाडीच्या टपावर बांधून आणला, काहीही त्रास झाला नाही. आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी हे बोलणं घरीच उरकून घ्यावं, एवढं मात्र मी शिकलो.

दुसऱ्या दिवशी दरीच्या मागच्या कड्यावर चढणारा मोकी डगवे हा घाट पाहिला. तीन मैल कच्च्या वळणांत सुमारे ११०० फूट. १९५० च्या दशकात वरच्या खाणीतलं युरेनियमचं खनिज मेक्सिकन हॅटजवळच्या गिरणीत आणायला तो खोदला. तात्या एका वळणावर उतरून खडीवर बसले, एक तुकडा हातात घेऊन उलटासुलटा केला. खाली आमचा तंबू कुठे असेल ते दिसत नव्हतं, सतरा मैलांचा रस्ता मात्र दोऱ्यासारखा दिसत होता. हा सगळा टापू २०१६ मध्ये बेअर्स इअर्स या राष्ट्रीय स्मारकात, म्हणजे जपून ठेवायच्या सरकारी मुलखात आला, २०१७ मध्ये स्मारकाची जमीन सुमारे ८५ टक्क्यांनी कापली गेली, २०२१ मध्ये परत जोडली गेली. गायरानावर कुणाचा ना कुणाचा डोळा असतोच, हे तात्यांना मी सांगायची गरज नव्हती. आमच्या गावचं गायरान आता निम्मंही उरलेलं नाही.

एका जागी किती दिवस राहता येतं, असं त्यांनी विचारलं. चौदा, मग उठायचं आणि लांब जायचं. “धा झालं तरी लई. मेंढरं दोन-तीन राती बसवायची येका रानात.”

तिसऱ्या दिवशी सकाळी तंबू उतरवला. ताणाचे दगड तात्यांनी ज्या खाचेतून काढले होते त्याच खाचेत, त्याच अंगावर परत ठेवले. मग कमरेत वाकून पूर्ण तळाभोवती एक फेरी मारली. शंकरपाळ्याचा चुरा, लेकीच्या केसांची पिन, आणि आमच्याआधी कुणीतरी टाकलेली दोन बाटल्यांची बुचं, तारेचा एक तुकडा. सगळं घोंगडीच्या पदरात घेऊन गाडीपर्यंत आणलं आणि कचऱ्याच्या पिशवीत झटकलं.

पाण्याचा तिसरा कॅन अजून अर्धा होता. तो हलवून पाहत ते पुढच्या सीटवर बसले.

“फुडल्या तळाला पानी हाय का?”

“नाही,” मी म्हणालो, आणि मेक्सिकन हॅटच्या दिशेने गाडी काढली, कॅन भरून घ्यायला.