तुम्ही विचारलंत म्हणून: दाजूंच्या मुलीला ऑस्ट्रेलियाला पाठवावं का?

हा प्रश्न पुण्या-मुंबईकडून सारखा येतो. सोसायटीच्या गेटवर नाहीतर एखाद्या हॉटेलच्या भटारखान्यात वर्षानुवर्षं काम करणारे नेपाळी दाजू (नेपाळीत थोरला भाऊ) असतात. मुलगी तिकडे काठमांडूत बारावी झालेली असते आणि आता ऑस्ट्रेलियाला शिकायला जायचं म्हणते. दाजूंचा तुमच्यावर विश्वास, म्हणून ते तुम्हाला विचारतात, ‘पाठवू का?’

दुसऱ्या वर्षाची फी कुठून येणार हे आज सांगता येत असेल, तर जरूर पाठवा. पहिल्या वर्षाचे पैसे कर्ज काढून, दागिने गहाण ठेवून कसेबसे उभे राहतात. खड्डा पडतो तो दुसऱ्या वर्षी.

आकडेच मांडू. फी आणि विमानभाडं सोडून, नुसत्या एका वर्षाच्या राहण्याखाण्यासाठी २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर व्हिसासाठी दाखवावे लागतात. डॉलर ५६ रुपयांना धरला तर हे साडेसोळा लाखांच्या वर जातं. नेपाळी रुपयांत करायचं तर १.६ ने गुणा, कारण आपले शंभर म्हणजे त्यांचे एकशे साठ हा दर १९९३ पासून तसाच आहे. झाले साडेसव्वीस लाख. त्यावर पहिल्या वर्षाची फी. व्हिसाच्या अर्जालाच जुलै २०२५ पासून २,००० डॉलर पडतात आणि नकार आला तरी ते परत मिळत नाहीत.

‘तिकडे जाऊन कमवेल की!’ असं सगळे म्हणतात. कॉलेज चालू असताना पंधरवड्याला ४८ तासच काम करता येतं. जुलै २०२५ ला ठरलेला किमान दर ताशी २४.९५ डॉलर, म्हणजे पंधरवड्याला साधारण १,२००, तेही कर कापायच्या आधी. पहिल्या आठवड्यात काम मिळालं आणि वर्षभर एक खाडा झाला नाही, तर ३१ हजारांच्या आसपास होतात. त्यात राहणं-खाणं भागतं. फी भागत नाही. आणि फीसाठी चोरून जास्त तास केले तर व्हिसाच रद्द होऊ शकतो.

आता कागदपत्रं. इथे क्रम चुकला की महिने जातात. आधी कॉलेजचं ऑफर लेटर. मग नेपाळच्या शिक्षण मंत्रालयाची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र. ही नसेल तर नेपाळातली बँक फीचे डॉलर बाहेर पाठवत नाही. फी पोचली की कॉलेज प्रवेश पक्का झाल्याचं पत्र देतं, आणि त्यानंतर व्हिसाचा अर्ज. एनओसीवर देश, कॉलेज, कोर्स लिहिलेला असतो. मध्येच कॉलेज बदललं तर ती पुन्हा काढावी लागते. जमिनीचा लालपुर्जा, म्हणजे आपल्या सातबाऱ्यासारखा कागद, घरची ऐपत दाखवतो. पण जमीन म्हणजे रोख पैसे नव्हेत. तिच्यावर बँकेने शैक्षणिक कर्ज मंजूर केलं तरच ते पैशांत धरतात.

सगळ्यात जास्त घोळ तारखांचा होतो. नेपाळी नागरिकता प्रमाणपत्रावर जन्मतारीख विक्रम संवतात असते, पासपोर्टवर इसवी सनात. वैशाखापासून पौषाच्या मध्यापर्यंत ५७ वजा करायचे, तिथून चैत्र संपेपर्यंत ५६. भाद्र २०६४ म्हणजे २००७ चा ऑगस्ट-सप्टेंबर, पण माघ २०६४ म्हणजे २००८ चा जानेवारी-फेब्रुवारी. भाषांतर करणाऱ्याने सरसकट ५७ वजा केले की माघातली मुलगी कागदावर एका वर्षाने मोठी होते. नावांचंही तसंच: एका कागदावर ‘कुमारी’ मधलं नाव म्हणून येतं, दुसऱ्यावर गायब. वडा कार्यालयातून (तिकडचं वॉर्ड ऑफिस) नात्याचा दाखला घ्यायच्या आधी सगळे कागद शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा. त्या एका संध्याकाळच्या कामाने पुढचे तीन महिने वाचतात.

हाच कोर्स का, हेच कॉलेज का, पुढे त्याचा उपयोग काय, हे अर्जात प्रत्येकी जास्तीत जास्त १५० शब्दांत लिहायचं असतं. ते मुलीनेच लिहावं. बऱ्याच कन्सल्टन्सी, म्हणजे परदेशी प्रवेशाचं काम करणारे एजंट, विद्यार्थ्याकडून फी घेत नाहीत, कारण कॉलेज त्यांना कमिशन देतं. साहजिकच कमिशन देणारी कॉलेजंच पुढे केली जातात आणि उत्तरंही साच्यातली निघतात. कोणी ‘बँक बॅलन्स आम्ही दाखवतो’ म्हणालं, तर तिथून उठून या. खोटा कागद सापडला तर तीन वर्षं नवा व्हिसा मिळणं जवळजवळ बंद.

दुसऱ्या वर्षाचा हिशेब जमत नसेल, तर पदवी नेपाळात किंवा भारतात करून पुढच्या शिक्षणाला बाहेर जाणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. नेपाळी नागरिकाला भारतात शिकायला व्हिसा लागत नाही, आणि काठमांडूतला भारतीय दूतावास दरवर्षी शिष्यवृत्त्याही देतो.

तुमच्या हातात मात्र एक मोठी गोष्ट आहे. दाजूंचा पगार रोख देत असाल, तर वीस वर्षांची कमाई कागदावर शून्य दिसते. आजपासून तो बँकेत जमा करा. घरी पैसे पाठवतात तेही ओळखीच्या माणसाच्या हाती न देता बँकेतून जाऊ देत. रिझर्व्ह बँकेच्या भारत-नेपाळ सुविधेत ऑक्टोबर २०२१ पासून खात्यातून एका वेळी दोन लाखांपर्यंत पाठवता येतात. आणि लेटरहेडवर पत्र द्या: कामाला कधी लागले, महिना पगार किती, कसा दिला जातो, खाली सही, शिक्का आणि तुमचा फोन नंबर. पगाराचा आकडा खरा लिहा, वाढवू नका. तो बँकेच्या पासबुकाशी ताडून पाहिला जातो.