सांगलीहून गन्स एन' रोझेस: आधी परतीची गाडी, मग कार्यक्रमाचं तिकीट

मुंबईत रात्रीचा कार्यक्रम ऐकून "आरामात" त्याच रात्री ट्रॅव्हल्सनं सांगलीला परतता येतं, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आम्हाला ठाण्याच्या मावसभावानं फोनवर ठासून सांगितलं होतं, "हॉटेल कशाला रे? दहाला संपतं. टॅक्सी करायची, चेंबूरला मैत्री पार्कवर साडेअकराची गाडी पकडायची, सकाळी विश्रामबागेत उतरून च्या प्यायचा." गन्स एन' रोझेस या अमेरिकी रॉक बँडचा कार्यक्रम, १७ मे २०२५, शनिवार, महालक्ष्मी रेसकोर्स. या सल्ल्यावर आम्ही परतीच्या स्लीपर बसची तिकिटं काढून बसलो.

जातानाचं फार सांगण्यासारखं नाही. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर झोपून सकाळी सीएसएमटी. हीच गाडी परतीला मुंबईहून रात्री साडेआठच्या आत सुटते, म्हणजे बँड ऐन रंगात असताना. तिचा परतीला उपयोग शून्य. स्वतःची गाडी नेऊ नका. आम्ही गेलो तेव्हा पेठनाक्यावरून हायवेला लागलं की सहापदरीकरणाची कामं, कराडला उड्डाणपुलाचं काम चालू होतं, आणि तिथून पुढे मुंबईत पार्किंग शोधायचं.

आता मुख्य मुद्दा, कार्यक्रम संपल्यानंतरचे दोन तास. रेसकोर्समधून बाहेर पडायलाच इतका वेळ गेला की दहाचे पावणेअकरा झाले. माणसं हलत नव्हती, सरकत होती. बाहेर सांगलीच्या सवयीनं रिक्षा शोधायला जाऊ नका. शीव-वांद्र्याच्या अलीकडे, शहराच्या बाजूला, रिक्षा चालतच नाहीत. ॲपवर गाडी लागत नव्हती, लागली तर रद्द होत होती. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं किमान भाडं फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपये आहे. चेंबूर तिथून बारा-तेरा किलोमीटर. मीटरनं फार तर पावणेतीनशे व्हावेत. आम्हाला पहिल्यानं बाराशे सांगितले, दुसऱ्यानं पंधराशे, आणि तिसऱ्यानं चेंबूर ऐकून काच वर केली. मीटरचं नाव काढलं की बोलणंच संपायचं. ही सरळ लूट आहे. आणि पंधराशे देऊनही गाडी त्या गर्दीतून वेळेत निघाली नसती, कारण समोरचा रस्ता पूर्ण जाम होता.

शेवटी ज्यानं वाचवलं ते नीट वाचा. टॅक्सीचा नाद सोडून चालत महालक्ष्मी स्टेशन गाठलं. स्लो लोकलनं दादर. तिथे पूल ओलांडून मध्य रेल्वेनं कुर्ला, आणि कुर्ल्याहून वाशीकडे जाणारी हार्बर लोकल. दादरला पोचतानाच दिसत होतं की मैत्री पार्क साडेअकराला जमणार नाही. म्हणून ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरला फोन लावला. तो म्हणाला, "चेंबूरला नका येऊ. मी वाशीला येतोय, तिथं थांबा." मुंबईहून सांगलीला येणाऱ्या गाड्या चेंबूरनंतर वाशी, नेरूळ, खारघर, कळंबोली असं करत बाहेर पडतात आणि शनिवारी रात्री प्रत्येक थांब्यावर रेंगाळतात. हार्बर लोकल त्यांना मागे टाकते. बारा वाजून गेल्यावर वाशीला हायवेवर उभे होतो, गाडी नंतर आली. बुकिंग करतानाच चढण्याचं ठिकाण वाशी किंवा त्याच्याही पुढचं टाका आणि ड्रायव्हरचा नंबर दुपारीच घेऊन ठेवा. लोकलचं परतीचं तिकीटही आधी काढा. रात्री अकराला महालक्ष्मीच्या खिडकीवर उभं राहण्यात अर्थ नाही.

एवढा त्रास सोसून जावं का? जावं. डोळे मिटून जावं. २०१२ मध्ये हा बँड भारतात आला तेव्हा त्यात गिटारवाला स्लॅश नव्हता. तो आणि बेस गिटार वाजवणारा डफ मॅकेगन बँडमध्ये परतले २०१६ मध्ये. १९८५ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेल्या बँडची ही माणसं एकत्र आपल्या राज्यात वाजवताहेत, याची आम्ही शाळेपासून वाट बघत होतो. गायक ॲक्सल रोझ तेव्हा त्रेसष्टचा होता. त्याचा आवाज कॅसेटमधला राहिलेला नाही, वरच्या जागा जपून घेतो, आणि ते ऐकू येतं. पण तो पियानोवर बसला आणि त्या लांबलचक गाण्याच्या शेवटी स्लॅशची गिटार उठली, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं. शेजारचा अनोळखी माणूस माझा खांदा धरून गात होता.

घरी गिटार वाजवणाऱ्यांना माहीत असेल, हा बँड तारा अर्धा स्वर खाली लावतो. म्हणून रेकॉर्डिंगबरोबर वाजवायला गेलं की आपली गिटार जुळत नाही. तो खालचा, जाडसर नाद मोठ्या स्पीकरवर छातीत बसतो. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जवारी (तारेला झणकार देणारी घोडीची घासणी) लागताना तासन्‌तास बसलेला माणूस मी आहे (मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते उशिराच मिळालं), आणि सांगतो, तिथल्यासारखंच सुरावरचं प्रेम मला त्या स्टेजवर दिसलं.

कुठे उभं राहायचं? स्टेजच्या पुढच्या कठड्याला चिकटू नका. मैदानाच्या मध्यावर साउंडवाल्यांचा मंच असतो. आवाजाचं मिश्रण तिथे बसून, तिथल्याच कानांनी केलं जातं. त्याच्या जरा पुढे उभे राहा, गिटार आणि आवाज वेगवेगळे ऐकू येतात. आम्ही सुरुवातीला डाव्या कडेला होतो, तिथे नुसता ढोलाचा दणका. मध्ये सरकलो आणि कार्यक्रमच बदलला.

मे महिन्यात सांगलीचा उन्हाळा अंगवळणी असला तरी मुंबईचा घाम वेगळा. दुपारपासून पाणी पीत राहा. भडंगाची पुडी बरोबर घेऊ नका, गेटवर बाहेरचं खाणं आत सोडत नाहीत. चपला नकोत, बूट घाला.

आम्ही गेलो तेव्हा भुयारी मेट्रो वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंतच होती. ऑक्टोबर २०२५ पासून ती कफ परेडपर्यंत धावते आणि महालक्ष्मीला तिचं स्टेशन आहे. रेसकोर्सवरच्या पुढच्या कार्यक्रमाला जाताना ती वापरा. परतीला मात्र शेवटची मेट्रो किती वाजता ते आधी बघा, नाहीतर लोकलच.

आणि बरोबर आई-वडील किंवा लहान मुलं असतील तर रातोरात परतायचा विचारच करू नका. दादरला मुक्काम करा, रविवारी सकाळी साडेआठनंतर सीएसएमटीहून कोयना एक्स्प्रेस आहे, दादरलाही थांबते. आरक्षण साठ दिवस आधी खुलतं. मे महिन्यात लग्नसराई आणि सुट्ट्या एकत्र असतात, तेव्हा खुललं त्याच सकाळी करा.